एक क्रमांक, दोन किनारे : ३३० स्क्वाड्रनच्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

३ ऑगस्ट २०२४

विषय ठरला. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला वाचनालयाच्या सभागृहात जे प्रदर्शन लावायचं, ते नॉर्वेच्या हवाई दलाच्या ३३० स्क्वाड्रनवर. समुद्रावर बचावाचं काम करणारी हेलिकॉप्टर स्क्वाड्रन, तिचा १९४१ पासूनचा इतिहास.

बैठकीत पहिलाच प्रश्न आला : उरणमध्ये नॉर्वे कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नोंदीत लिहून ठेवते. आपल्या गावात दर दोन-तीन घरांआड एक तरी माणूस ‘हाय’वर, म्हणजे मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कामाला जातो. माझा धाकटा भाऊ जातो, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. या माणसांच्या झोपायच्या जागाही समुद्रातच असतात, कधी प्लॅटफॉर्मवर, कधी तरंगत्या बार्जवर. तरंगतं वसतिगृह वादळात गमावणं म्हणजे काय, हे उत्तर समुद्राने १९८० मध्ये अनुभवलं आणि आपण मे २०२१ मध्ये. दोन्हीकडे शोधाला जी हेलिकॉप्टरं गेली त्यांत एक जात सारखी होती : सी किंग.

आणखी एक योगायोग आहे. भारतीय नौदलात सी किंग ज्या स्क्वाड्रनमध्ये पहिल्यांदा आलं, तिचाही क्रमांक ३३०. दोन देशांचा एकमेकांशी काही ठरलेला संबंध नाही, क्रमांक आपापल्या पद्धतीने पडले. पण दोन्ही ३३० शेजारी शेजारी लावल्या तर बघणाऱ्याला तुलना आपोआप करता येईल. शेवटी सगळ्यांनी होकार दिला. ग्रंथपालांनी मागची भिंत पूर्ण आपल्याला दिली आहे.

१० ऑगस्ट

युद्धकाळाचा फलक लिहून झाला. हा भाग थोडक्यात ठेवायचा होता, पण त्यातलं एक विमान मला सोडवेना.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतलं. देश गेला, पण या हल्ल्याआधी अमेरिकेत नोंदवलेली नॉर्थ्रॉप एन-३पीबी ही विमानं अजून तयार व्हायची होती. एक इंजिन, तीन माणसं आणि चाकांऐवजी पाण्यावर उतरायला दोन तरंगे. देश सोडून बाहेर पडलेल्या नॉर्वेजियन वैमानिकांनी कॅनडात, टोरांटोला तळ मांडला होता. २५ एप्रिल १९४१ रोजी आइसलंडमध्ये रेक्याविकला ३३० स्क्वाड्रन उभी राहिली आणि ही विमानं पेट्यांत भरून तिकडे आली. अटलांटिकमधल्या जहाजांच्या ताफ्यांवर पहारा, पाणबुड्यांचा शोध हे तिचं काम. १९४३ मध्ये ती स्कॉटलंडमध्ये ओबानला आली आणि सुंदरलँड ही मोठी उडती बोट चालवू लागली, मग शेटलंड बेटांवर सुलोम व्हो.

न सोडवणारं विमान ते हे : एप्रिल १९४३ मध्ये बुलुकिन नावाच्या वैमानिकाने खराब हवेत आपलं एन-३पीबी आइसलंडच्या थ्योरसाउ नदीत उतरवलं. माणसं वाचली, विमान गाळात गेलं. १९७९ मध्ये ते गाळातून बाहेर काढलं, नॉर्थ्रॉपच्या कारखान्यात परत नेलं आणि जुन्या कामगारांच्या मदतीने पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते लोकांसमोर आलं तेव्हा स्वतः बुलुकिन हजर होते. आज हे विमान नॉर्वेत संग्रहालयात आहे. या जातीचं उरलेलं हे एकच.

ज्या वर्षी हे जुनं विमान कारखान्यातून बाहेर आलं, त्याच वर्षी मार्चमध्ये स्क्वाड्रनवर तिच्या इतिहासातली सगळ्यात कठीण रात्र आली होती. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर आणायच्या नाहीत असं ठरवलं. त्या रात्रीला स्वतंत्र भिंत हवी.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आज मोरा बंदरावर नारळ वाहून झाल्यावर सगळे वाचनालयात आले, म्हणून १९५२ चा फलक आजच वाचून दाखवला. एप्रिल १९५२ मध्ये ग्रीनलंडजवळच्या बर्फाळ समुद्रात सीलच्या शिकारीला गेलेल्या पाच नॉर्वेजियन बोटी वादळात नाहीशा झाल्या. ७८ माणसं. खूप मोठा शोध घेतला गेला, विमानं फिरली, पण एकाही बोटीचा मागमूस लागला नाही. घरच्यांना क्रियाकर्मासाठीही काही हाती आलं नाही.

वाचून झाल्यावर करंज्याचे एक तांडेल बराच वेळ फलकाशी उभे होते. मग म्हणाले, “ताई, बोटींची नावं पण लिवा. नाव नसंल तर बोट गेली कशी म्हनायची?” नावं माझ्याकडे होती, जागा नाही म्हणून गाळली होती. आता लिहिली : रिंगसेल, ब्रातिंद, वार्गलिम्त, पेल्स, बुस्कोय.

२५ ऑगस्ट

नेमका सी किंगच का, हा फलक. प्रदर्शनाचा कणा हाच आहे, म्हणून नौदलातून निवृत्त झालेल्या आमच्या मेकॅनिक काकांना घेऊन बसले. त्यांची बरीच वर्षं याच हेलिकॉप्टरच्या पोटात गेली.

मी विचारलं, “काका, हे यंत्र बचावासाठी बनवलंच नव्हतं ना?”

“अगं, नव्हतंच. पाणबुडी मारायला बनवलं. पण ती शोधायची कशी ते बघ, म्हणजे बाकीचं कळेल.”

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत : पाणबुडी शोधायला हेलिकॉप्टर समुद्रावर येऊन एका जागी थांबतं आणि पोटातून केबलवर सोनार, म्हणजे आवाजाने पाण्याखालचं शोधणारं यंत्र, पाण्यात सोडतं. तो पाण्यात असेपर्यंत वर हेलिकॉप्टर हलता कामा नये. दिवसा लाटांकडे बघून वैमानिक जागा धरू शकतो. रात्री खाली फक्त काळोख. म्हणून सी किंगमध्ये डॉप्लर रडार आणि स्वयंचलित उड्डाणयंत्रणा बसवली, जी खालच्या पाण्याच्या मानाने आपण किती सरकतोय हे मोजते आणि हेलिकॉप्टरला आपसूक जागेवर धरते. वैमानिकाला क्षितिज दिसत नसलं तरी चालतं.

आता सोनारच्या जागी विंचचा, म्हणजे माणूस वर ओढणाऱ्या यंत्राचा, दोर धरा आणि त्याच्या टोकाला माणूस. काळोखात, वाऱ्यात, समुद्रापासून थोड्या उंचीवर स्थिर उभं राहण्याची जी क्षमता पाणबुडी बुडवायला हवी होती, तीच पाण्यातला माणूस उचलायला लागते. बचावाच्या सी किंगमध्ये तर दाराशी विंच चालवणाऱ्याच्या हातात एक छोटी दांडी दिलेली असते. खालचा माणूस त्यालाच दिसतो, वैमानिकाला नाही. त्यामुळे शेवटचे काही फूट तोच हेलिकॉप्टरला डावं-उजवं सरकवतो.

मूळ आराखडा अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीचा, पहिलं उड्डाण १९५९ चं. इंग्लंडमध्ये योव्हिल गावी वेस्टलँडने परवान्याने आपली आवृत्ती बनवली, दोन रोल्स-रॉइस नोम इंजिनं घालून. तिथूनच १९७१ मध्ये भारताची मार्क ४२ निघाली आणि पाठोपाठ नॉर्वेची मार्क ४३. मधल्या काळात नॉर्वेची ३३० युद्धानंतर मोडली होती, पुन्हा उभी राहिली होती, साठच्या दशकात पाण्यावर उतरणारी अल्बट्रॉस विमानं चालवत होती. १९७३ पासून तिचं एकच काम ठरलं. दहा सी किंग आणि बचाव.

३१ ऑगस्ट

व्यवस्थेचा फलक. इथे मजकूर कमी आणि नकाशा मोठा ठेवतोय. उत्तरेला बानाक, मग बोदो, ओरलांद, दक्षिणेला सोला असे चार तळ किनाऱ्यावर ओळीने. पुढे फ्लोरो आणि रिग्गे वाढले. हेलिकॉप्टर हवाई दलाचं, वैमानिक हवाई दलाचे, पण खर्च न्याय मंत्रालयाचा आणि कुठे जायचं हे सांगणार नागरी बचाव केंद्र. अशी दोन केंद्रं १९७० मध्ये झाली, एक सोलाला, एक बोदोला. सहा जणांची तुकडी : दोन वैमानिक, एक दिशादर्शक, विंच सांभाळणारा तंत्रज्ञ, खाली उतरणारा रेस्क्यूमन आणि भूलतज्ज्ञ डॉक्टर. हाक आल्यापासून पंधरा मिनिटांत हवेत, दिवस असो वा रात्र, वर्षाचे सगळे दिवस.

या स्क्वाड्रनच्या इतिहासात मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती हीच पंधरा मिनिटं. शौर्य त्या एका रात्री दिसतं. पण ती रात्र येईपर्यंत हजारो रात्री कोणीतरी बूट शेजारी ठेवून झोपलेलं असतं, आणि त्या रिकाम्या रात्रींचा पगार कोणी द्यायचा हे आधी कोणीतरी ठरवलेलं असतं.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. काम बंद. चित्रकलेच्या बाई दहा दिवस मूर्तीशाळेत अडकल्या होत्या, त्यामुळे नकाशाचे रंग राहिलेत.

२१ सप्टेंबर

आज सभागृहाच्या फरशीवर सी किंगची केबिन खडूने आखली. लांबी साधारण ७.६ मीटर, रुंदी जेमतेम २ मीटर, छत १.९२ मीटरवर. छतासाठी दोन खांबांना त्या उंचीवर सुतळी बांधली. केबिनचं दार उजव्या बाजूला, विंच त्या दारावर.

हे कागदावर वाचताना ऐसपैस वाटतं. मग आठवीच्या मुलांना आत उभं केलं. आधी तुकडीतल्या चार जणांच्या जागा ठरवल्या, स्ट्रेचर ठेवलं, डॉक्टरची पेटी ठेवली. नंतर एकेक ‘वाचवलेला’ आत घ्यायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाला ओलं जाकीट म्हणून गोधडी गुंडाळली. पंधरा मुलं होईपर्यंत आत पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी बसलेला मुलगा, म्हणजे विंचवाला, गर्दीत मागे ढकलला जात होता. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, अजून किती जण खाली आहेत?” मी म्हटलं, “समज, दोनशे.” सगळी शांत झाली.

जे मला फलकावर लिहायला चार परिच्छेद लागले असते ते इथे दहा मिनिटांत झालं. ही खडूची केबिन प्रदर्शनात तशीच ठेवायची. खडू पुसला जाईल, म्हणून पांढरी चिकटपट्टी लावू.

२९ सप्टेंबर

कीलांडची भिंत. आज फक्त घटना लिहिली.

‘अलेक्झांडर एल. कीलांड’ हा पाच पायांचा तरंगता रिग. बांधणी फ्रान्समध्ये, खोदकामासाठी. पण उत्तर समुद्रात एकोफिस्क क्षेत्रात तो कामगारांचं वसतिगृह म्हणून वापरात होता, एड्डा प्लॅटफॉर्मच्या शेजारी. २७ मार्च १९८०, संध्याकाळ. २१२ माणसं रिगवर. बरीचशी पाळी संपवून आलेली, काही जेवणघरात, काही सिनेमाच्या खोलीत. बाहेर वारा, पाऊस, धुकं, बारा मीटरपर्यंतच्या लाटा.

साडेसहाच्या सुमारास एक आडवा दांडा तुटला. त्याच्यावरचा भार बाकीच्या दांड्यांवर गेला, तेही तुटले आणि पाचांपैकी एक पायच सुटून गेला. रिग एकदम तीस अंशांहून जास्त कलला आणि तसाच लटकून राहिला, कारण नांगराचा एक दोर अजून धरून होता. त्या दोराने माणसांना वीसेक मिनिटं दिली. मग तोही तुटला आणि रिग उलटा झाला.

१२३ माणसं गेली. ८९ वाचली.

सोलाहून ३३० ची सी किंग निघाली, ब्रिटनहून रॉयल एअर फोर्सची आली. उत्तर समुद्रातली जहाजं वळली. पण धुक्यात आणि काळोखात खाली काय आहे हेच दिसत नव्हतं. लाइफबोटींमधली माणसं विंचने एकेक करून वर घेतली गेली. पाण्यात पडलेल्यांपैकी फार थोडी हाती लागली. मार्चमधल्या त्या पाण्यात साध्या कपड्यांतला माणूस फार वेळ टिकत नाही, आणि जीवरक्षक उबदार पोशाख बहुतेकांच्या अंगावर नव्हते.

स्क्वाड्रनचा इतिहास लिहिताना ही रात्र ‘अपयश’ म्हणून लिहायची की ‘शर्थ’ म्हणून, यावर आमची चर्चा झाली. मला दोन्ही शब्द नको वाटतात. हेलिकॉप्टर वेळेवर निघालं तरी तासाभराच्या अंतरावर असतं आणि रिग वीस मिनिटांत उलटला. त्या वीस मिनिटांत जे व्हायला हवं होतं ते रिगवरच व्हायला हवं होतं.

६ ऑक्टोबर

कीलांडची भिंत, पुढचा भाग : कारण.

चौकशीत तो पहिला तुटलेला दांडा तपासला. त्याला डी-६ म्हणत. पाण्याखालचा आवाज टिपणारा हायड्रोफोन बसवायला त्या दांड्यावर एक छोटा आधार जोडलेला होता. त्याच्या ६ मिलिमीटरच्या वेल्डिंगला तडा होता, आणि तडा तिथून दांड्यात सरकत गेला. प्रत्येक लाटेबरोबर थोडा थोडा. तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे रिगला रंग दिला त्या दिवशी तडा तिथे होता, गोदीतच.

आमच्याकडे गावातले एक वेल्डर येतात, न्हावा-शेव्याला कंटेनर दुरुस्तीचं काम करतात. त्यांनी हा मजकूर वाचला आणि बाईंच्या चित्रातला वेल्ड नीट काढून घेतला. ते म्हणाले, “मुख्य सांध्याला सगळे जपतात. असल्या चिल्लर ब्रॅकेटला कोण बघतो?” चित्राखाली हीच ओळ घालायची त्यांची परवानगी घेतली.

१३ ऑक्टोबर

लाइफबोटीच्या हुकाचा फलक. आधी तो यादीत नव्हता, पण कीलांडचं काम करताना लक्षात आलं की त्याशिवाय भिंत अपुरी राहील.

रिगवर सात लाइफबोटी होत्या. चारच खाली सोडता आल्या, आणि त्यांतल्याही सगळ्या धड सुटल्या नाहीत. बोट दोरांवर लटकून पाण्याला टेकते तेव्हा पुढचा आणि मागचा असे दोन्ही हुक सुटावे लागतात. त्या काळचे हुक भार पूर्ण उतरल्याशिवाय सुटत नसत. शांत पाण्यात ठीक. पण बारा मीटरची लाट बोट उचलते आणि टाकते, त्यामुळे दोर क्षणात सैल, क्षणात ताठ. हुक अडकले, आणि माणसांनी भरलेल्या बोटी रिगवर आपटल्या.

यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. १९८६ पासून नव्या जहाजांच्या लाइफबोटींना भार असतानाही सुटणारे हुक सक्तीचे झाले. पण हा उपाय स्वतःच धोका होऊन बसला. भार असताना सुटणारा हुक नीट बंद झाला नाही तर कवायतीच्या वेळीच सुटतो, आणि तशा अपघातांत जगभर खलाशी मेले. शेवटी २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सदोष हुक बदलायला लावणारे नियम आणले. एका रात्रीपासून तीस-एक वर्षं चाललेली ही दुरुस्ती आहे.

काकांनी भंगारवाल्याकडून एक जुना हुक मिळवला आहे. तो टांगून ठेवू, मुलांना हाताळता येईल.

२० ऑक्टोबर

आपल्या ३३० चा फलक. एप्रिल १९७१ मध्ये कोचीनच्या गरुड तळावर सुरू. टोपणनाव ‘हार्पून्स’. पहिली सहा सी किंग मार्क ४२, काम पाणबुडीविरोधी. पुढे तळ मुंबईला. कुलाब्याच्या या हेलिकॉप्टर तळाला २००९ पासून आयएनएस शिक्रा म्हणतात. ऐंशीच्या दशकात अधिक ताकदीची ४२ बी आली, आणि सैनिक नेण्यासाठी ४२ सी, जिच्यात सोनार नसल्यामुळे पोट मोकळं असतं. पुरात-वादळात तिचाच जास्त उपयोग होतो.

१९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे निर्बंध आले आणि सी किंगचे सुटे भाग अडकले. काका त्या काळाबद्दल बोलताना अजून अस्वस्थ होतात. एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, म्हणजे निदान एक तरी उडेल. “हँगरमध्ये उभं असलेलं हेलिकॉप्टर बघवत नाही,” एवढंच म्हणाले.

बचावाची कामं : ४ ऑगस्ट २०११, मुंबईजवळ बुडणारं ‘राक कॅरिअर’ हे कोळशाचं जहाज. ऐन पावसाळ्यात नौदल आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी जहाजावरचे सगळे ३० जण उचलले. जून २०१५, वसईच्या समुद्रात कललेलं ‘जिंदाल कामाक्षी’, त्यावरच्या खलाशांसाठी सी किंग रात्री गेली. जुलै २०१९, बदलापूर-वांगणीजवळ पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, हजारावर प्रवासी. तिथेही पाणबुडे घेऊन सी किंग निघाली होती. गाडीचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय, पण ते हेलिकॉप्टर मुळात पाणबुडी शोधणाऱ्या जातीचं आहे हे फलक वाचून कळेल.

२७ ऑक्टोबर

पी-३०५. सगळ्यात उशिरा लिहायला घेतलेला फलक. घरोघरी माणसं आहेत ज्यांना हे वाचून रात्री झोप लागणार नाही. म्हणून आधी गावातल्या तीन कुटुंबांना मजकूर नेऊन दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, काढली.

मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. पी-३०५ ही कामगारांच्या राहण्याची बार्ज हिरा तेलक्षेत्राजवळ होती, स्वतःचं इंजिन नसलेली. २६१ माणसं. नांगर सुटले, बार्ज वाहत गेली, एका प्लॅटफॉर्मवर आदळली आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. १८६ वाचली.

हा आकडा कोणामुळे, हे नीट लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या रात्री ऐन वादळात हेलिकॉप्टरांना काम करणं अशक्य होतं. आयएनएस कोची आणि सोबतची जहाजं त्या खवळलेल्या समुद्रात माणसांच्या जवळ थांबली, कडेला जाळ्या सोडल्या आणि रात्रभर एकेकाला पाण्यातून वर ओढलं. हवा थोडी निवळल्यावर सी किंग, चेतक आणि ध्रुव हेलिकॉप्टरं शोधात उतरली, लांब पल्ल्याचं पी-८आय विमान फिरत राहिलं. उत्तरेला पालघरच्या किनाऱ्याजवळ ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ ही दुसरी बार्ज अडकली होती, तिच्यावरचे सगळे १३७ वाचले, काही हेलिकॉप्टरने, काही बोटीने.

हेलिकॉप्टर स्क्वाड्रनच्या प्रदर्शनात जहाजाच्या जाळीला मधली जागा देतोय, आणि ती तिथेच असायला हवी. पाण्यात तासन्‌तास एकमेकांचे हात धरून, कडी करून राहिलेली माणसं वाचली असं वाचलेल्यांनी तेव्हा सांगितलं होतं. तेही फलकावर आहे.

भावाला फलकाचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला नाही, रात्री उशिरा निरोप आला : बरोबर लिहिलंयस.

१० नोव्हेंबर

व्हायकिंग स्कायचा फलक झाला. २३ मार्च २०१९. नॉर्वेच्या किनाऱ्यालगत हुस्ताद्‌विका नावाचा खडकाळ, उघडा समुद्र आहे, तिथे वादळात १,३७३ माणसांसह या पर्यटक जहाजाची वीज गेली. कारण पुन्हा साधंच : इंजिनांच्या वंगणतेलाच्या टाक्यांत तेल कमी होतं, जहाज हेलकावल्यावर पंपांना तेल मिळेना, एकेक जनरेटर बंद पडला. जहाज खडकांपासून स्वतःच्या लांबीइतक्या अंतरापर्यंत गेलं. नांगर टाकले, एक इंजिन कसंबसं सुरू झालं.

३३० ची सी किंग आणि तेलकंपन्यांसाठी तैनात असलेली नागरी बचाव हेलिकॉप्टरं रात्रभर ये-जा करत होती. ४७९ माणसं विंचने उचलली. प्रवाशांत वयस्कर खूप. त्याच वादळात जवळच ‘हागलांद कॅप्टन’ या मालवाहू जहाजाचीही इंजिनं बंद पडली, तिच्यावरच्या नऊ जणांसाठी हेलिकॉप्टरं तिकडे वळवावी लागली. दुसऱ्या दिवशी पर्यटक जहाज उरलेल्या सुमारे ९०० माणसांसह मोल्दे बंदरात पोचलं. कोणी दगावलं नाही.

मुलांना हा फलक वाचून चिकटपट्टीच्या केबिनमध्ये पुन्हा उभं केलं. एका फेरीत पंधरा-वीस, तर ४७९ ला किती फेऱ्या, हे त्यांनी स्वतः काढलं. मग एकाने विचारलं, उरलेले ९०० पण उचलायचे असते तर? तेच या फलकाचं सार आहे. हेलिकॉप्टर सगळ्यांना उचलू शकलंच नसतं. जहाज तरंगत राहिलं म्हणून रात्र पुरली.

१७ नोव्हेंबर

शेवटचे दोन फलक. नॉर्वेने २०१३ मध्ये १६ नवी एडब्ल्यू-१०१ हेलिकॉप्टरं नोंदवली. तिथे त्यांना ‘सार क्वीन’ म्हणतात. तीही योव्हिललाच बनली. सप्टेंबर २०२० मध्ये सोलाहून कामाला लागली आणि एकेका तळावर सी किंगची जागा घेत गेली. आपल्या नौदलातही मार्च २०२४ मध्ये कोचीला एमएच-६०आर ‘सीहॉक’ हेलिकॉप्टरांची ३३४ स्क्वाड्रन सुरू झाली.

माझं मत मी वेगळ्या चौकटीत, माझं म्हणून लिहिलंय. नॉर्वेत बचाव हे ३३० चं एकमेव काम आहे, त्याचा खर्च वेगळा, डॉक्टर तुकडीतच. आपल्याकडे नौदलाची हेलिकॉप्टरं पाणबुडीविरोधी काम सांभाळून बचावाला धावतात आणि तटरक्षक दल आपल्या हेलिकॉप्टरांनी ते काम करतं. आपल्या वैमानिकांची हिंमत कुठेही कमी नाही. पण ज्या तेलक्षेत्रात रोज हजारो माणसं झोपतात, त्याच्या जवळच्या किनाऱ्यावर फक्त बचावासाठी, डॉक्टरसकट, पंधरा मिनिटांच्या तयारीत उभं असलेलं हेलिकॉप्टर मला हवं आहे. बैठकीत एकाने सुचवलं की ‘हवं आहे’ऐवजी ‘असावे’ लिहा, सौम्य वाटेल. मी ‘हवं आहे’च ठेवलंय.

३० नोव्हेंबर

मांडणी पूर्ण. क्रम : प्रवेशाशी नकाशा, डावीकडे युद्धकाळ आणि १९५२, समोर कीलांड, मध्ये जमिनीवर केबिन, उजवीकडे भारताची ३३० आणि पी-३०५, बाहेर पडताना व्हायकिंग स्काय आणि माझी चौकट. हुक खिडकीजवळ टांगलाय. सुतळी काढून त्या उंचीवर लाकडी पट्टी लावली, म्हणजे उंच माणसाला डोकं वाकवूनच आत जावं लागेल. काकांनी विंचच्या दाराशी एक गादी टाकली आहे. विंचवाला गुडघ्यावर असतो, ते बघणाऱ्यांनी करून पाहावं असा त्यांचा आग्रह.

८ डिसेंबर

चार दिवस झाले. सगळ्यात जास्त वेळ लोक हुकाशी थांबतात, हे आम्हाला अपेक्षित नव्हतं. हायवर जाणारे बरेच जण आले. त्यांतला एक जण बार्जवर स्वयंपाकी आहे. त्याने हुक उघडबंद करून पाहिला, फलक दोनदा वाचला आणि विचारलं, “आमच्या बोटीला यातला कुठला आहे, ते मला बघून कळेल का?” काकांनी त्याला बसवून दाखवलं : हुक पूर्ण बंद झाल्याची खूण कुठे असते, सुरक्षेची पिन कुठे, तरफ कुठल्या स्थितीत असायला हवी. त्याने मोबाइलवर फोटो काढले. त्याच्यामागे तिघे थांबले होते, त्यांनाही दाखवलं.

संध्याकाळी हुक खिडकीजवळून काढून दाराशी, कमरेच्या उंचीवर आणला, नीट उजेडात. उद्यापासून सकाळी एक तास काका तिथे बसतील. बाई खुणांचं मोठं चित्र काढतायत, मराठीत आणि हिंदीत, कारण बार्जवर उत्तरेकडची पोरं खूप आहेत. करंज्याच्या मच्छीमार सोसायटीने फलक जानेवारीत मागितलेत. कीलांडची भिंत आणि हुक आधी पाठवायचे, केबिनची मापं सोबत लिहून द्यायची.